शंभराव्या मिनिटाचा पहिला बदल

२६ मे २०२१, पोलंडमधलं ग्दान्स्क शहर. युरोपा लीग या युरोपातल्या दुय्यम फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेड आणि व्हियारेआल १-१ अशा बरोबरीत अडकले होते. नव्वद मिनिटं सरली, जादा वेळ सुरू झाला, युनायटेडचे खेळाडू दमलेत हे टीव्हीवरही दिसत होतं, आणि तरी सुरुवातीचे अकराच्या अकरा मैदानातच. समोर व्हियारेआलचे प्रशिक्षक उनाय एमरी एकेक करून ताज्या दमाचे खेळाडू उतरवत होते. युनायटेडचा पहिला बदल झाला तो शंभराव्या मिनिटाला. ग्रीनवुड बाहेर, फ्रेड आत.

एरवी यात नवल काही नाही. सामना हातातून निसटेल या धास्तीने बदल लांबवणारे प्रशिक्षक दर आठवड्याला दिसतात. पण युनायटेडच्या बाकापुढे उभा होता ओले गुनार सोल्शार. बदली खेळाडू म्हणून त्याच्याइतकं नाव कुणी कमावलेलं नाही. बरोबर २२ वर्षांपूर्वी, २६ मे याच तारखेला, बार्सिलोनाच्या कँप नोऊवर तो बायर्न म्युनिकविरुद्ध ८१व्या मिनिटाला अँडी कोलच्या जागी उतरला होता आणि भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला त्याने युनायटेडला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती. उशिरा आत आलेला माणूस सामना कसा फिरवतो हे ज्याने स्वतः करून दाखवलं, त्यालाच आपल्या बाकावर कुणी दिसू नये?

या प्रकरणात मला रस आहे तो या प्रश्नामुळे. सोल्शार चांगला प्रशिक्षक की वाईट, हा वाद चाहत्यांनी चघळून चोथा केलेला आहे. आघाडीवीर म्हणून कमावलेली नजर प्रशिक्षकाच्या खुर्चीत किती पुरते आणि कुठे अपुरी पडते, हे त्याच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसतं. आणि मधोमध एक निर्णय आहे, २८ मार्च २०१९ चा. तो त्याने घेतलेला नाही, क्लबने घेतला.

बाकावरची शाळा

१९९६ च्या उन्हाळ्यात युनायटेडला ॲलन शिअरर हवा होता. तो दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला, त्या वेळचा जागतिक विक्रम. युनायटेडने त्याच्या बरोबर दहाव्या हिश्शात, १५ लाख पौंडांत, नॉर्वेच्या मोल्डेकडून एक पोरसवदा चेहऱ्याचा आघाडीवीर आणला. क्रिस्टियानसुंडचा, वय २३, वडील ग्रीको-रोमन कुस्तीतले नावाजलेले मल्ल. पहिल्याच सामन्यात, ब्लॅकबर्नविरुद्ध, बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांत गोल केला. त्या हंगामात लीगमध्ये १८ गोल. पण पुढे यॉर्क आला, शेरिंगहॅम आला, कोल होताच. चौघांत जागा दोन. १९९८ मध्ये टॉटनहॅमला जायचा रस्ता मोकळा झाला होता, तिथे तो रोज खेळला असता. गेला नाही.

बाकावर बसून तो काय करायचा हे त्याने नंतर अनेकदा सांगितलंय. समोरचे बचावपटू बघायचे. कोणता बगलेचा बचावपटू पुढे गेल्यावर परतायला उशीर करतो, कुणाचा तोल डाव्या पायावर जातो, चेंडू एका बाजूला गेला की मधल्या दोघांत फट कधी पडते. पंचाहत्तर मिनिटं हा अभ्यास आणि मग पंधरा मिनिटांची परीक्षा. ६ फेब्रुवारी १९९९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर ४-१ असताना तो उतरला आणि शेवटच्या दहा-बारा मिनिटांत एकट्याने चार गोल करून मोकळा झाला. निकाल ८-१.

कँप नोऊवरचा तो गोल पुन्हा एकदा संथ गतीत बघा. डावीकडून बेकहॅमचा कॉर्नर. शेरिंगहॅम जवळच्या बाजूला उडी मारून चेंडू डोक्याने गोलच्या तोंडावरून पलीकडे वळवतो. सोल्शारवर नजर ठेवायची जबाबदारी सॅम्युएल कुफूरची. तो क्षणभर चेंडूकडे बघतो. तेवढ्यात उजवा पाय पुढे, आणि चेंडू जाळ्याच्या छतात. त्यात ताकद नाही, कसरत नाही. सगळी करामत आधीच्या अर्ध्या सेकंदात आहे: कुफूरची नजर कधी हटेल याचा अंदाज. त्यानंतर कुफूर मुठीने जमीन बडवत राहिला, ते चित्र कित्येकांना गोलपेक्षाही जास्त आठवतं.

एक वेगळा प्रसंगही सांगायला हवा, कारण त्यात त्याचा स्वभाव दिसतो. एप्रिल १९९८, ओल्ड ट्रॅफर्ड, न्यूकॅसलविरुद्ध १-१. न्यूकॅसलचा रॉब ली एकटाच गोलकडे सुटला. सोल्शार पार दुसऱ्या टोकाकडून जीव तोडून धावत आला आणि त्याने लीला जाणूनबुजून पाडलं. लाल कार्ड मिळणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मिळालं. मैदानाबाहेर जाताना प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्लबसाठी स्वतःला झोकून देणारा माणूस ही त्याची प्रतिमा तिथे पक्की झाली, आणि वीस वर्षांनी नोकरी मिळवून देण्यात या प्रतिमेचा वाटा मोठा होता.

गुडघ्याने २००३ नंतर साथ सोडली. २००७ मध्ये तो थांबला तेव्हा युनायटेडसाठी ३६६ सामन्यांत १२६ गोल होते.

मोल्डे, कार्डिफ, पुन्हा मोल्डे

२००८ पासून युनायटेडच्या राखीव संघाचा प्रशिक्षक. २०११ मध्ये मोल्डे. क्लबचं ते शताब्दी वर्ष, आणि तोवर नॉर्वेची लीग त्यांनी एकदाही जिंकलेली नव्हती. सोल्शारने २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोनदा जिंकून दिली, २०१३ मध्ये चषकही. जानेवारी २०१४ मध्ये बुडायला आलेल्या कार्डिफची सूत्रं घेतली, संघ तळाला राहून प्रीमियर लीगमधून घसरला आणि सप्टेंबरात त्याची गच्छंती झाली. कार्डिफकडे बोट दाखवणाऱ्यांना मी फारसं महत्त्व देत नाही. ती होडी आधीच भोकं पडलेली होती.

मोल्डेतल्या दुसऱ्या डावातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. त्याच्या हाताखाली एक उंचापुरा पोरगा आला, एर्लिंग हालंड. १ जुलै २०१८ ला ब्रानच्या मैदानावर या पोराने पहिल्या २१ मिनिटांत चार गोल केले. गोलच्या तोंडाशी कुठे उभं राहायचं, धाव कधी सुरू करायची, बचावपटूच्या कोणत्या खांद्यामागून यायचं, हे शिकवणारा याहून चांगला मास्तर त्या वयात कुणाला मिळणार? आघाडीवीर घडवणं हे सोल्शारचं बलस्थान होतं, यावर त्याचे टीकाकारही सहसा वाद घालत नाहीत. पुढे युनायटेडमध्ये रॅशफर्ड आणि ग्रीनवुड यांच्या गोलसंख्येत ते दिसलं.

एकोणीस सामने

१८ डिसेंबर २०१८ ला युनायटेडने जोजे मोरिन्यो यांना काढलं. संघ सहाव्या क्रमांकावर, पहिल्या लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे. ड्रेसिंग रूममधलं वातावरण इतकं बिघडलेलं होतं की पॉल पॉग्बासारखा विश्वविजेता बाकावर बसवला जात होता. दुसऱ्या दिवशी सोल्शारचं नाव जाहीर झालं: हंगामी प्रशिक्षक, मे महिन्यापर्यंत. मोल्डेने त्याला जणू उसना दिला होता. युनायटेडचे माजी प्रशिक्षक फर्ग्युसन यांचे जुने सहायक माइक फेलन सोबत आले, मायकल कॅरिक आणि किरन मकेना होतेच. उन्हाळ्यात नीट शोध घेऊन कायमचा प्रशिक्षक नेमू, असं क्लबने सांगितलं. टॉटनहॅमच्या मॉरिसिओ पोचेटिनोचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

पहिला सामना कार्डिफशीच. ५-१. फर्ग्युसन यांच्या मे २०१३ मधल्या शेवटच्या सामन्यानंतर युनायटेडने लीगमध्ये पाच गोल पहिल्यांदाच केले. मग हडर्सफील्डविरुद्ध पॉग्बाचे दोन, बोर्नमथविरुद्ध पुन्हा पॉग्बाचे दोन. न्यूकॅसलविरुद्ध लुकाकू बदली म्हणून आला आणि मिनिटभरात गोल. सलग आठ विजय.

या आठांमधला एक सामना मी दोनदा पाहिला. १३ जानेवारी २०१९, वेम्बली, टॉटनहॅम. सोल्शारने लिंगार्डला मध्ये ठेवून रॅशफर्ड आणि मार्सियाल यांना बाजूंना पसरवलं, टॉटनहॅमचे बगलेचे बचावपटू पुढे गेले की त्यांच्या मागची जागा खायला. पहिल्या अर्ध्याच्या शेवटी पॉग्बाने दुरून दिलेला पास, रॅशफर्डची धाव, तिरपा फटका, १-०. आघाडीवीराच्या डोक्यातून निघालेला गोल, आखीवरेखीव. पण दुसऱ्या अर्ध्यात टॉटनहॅमने जे आक्रमण केलं त्यात डाव्हिड दे हेआला सामन्यात एकूण ११ वेळा चेंडू अडवावा लागला. निकालपत्रात १-० एवढंच राहतं. संचालकांनी त्या रात्री कोणता अर्धा पाहिला, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

मग पॅरिस. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचा पहिला सामना युनायटेड घरच्या मैदानावर ०-२ हरलं होतं आणि पॉग्बाला लाल कार्ड मिळालं होतं. ६ मार्चच्या परतीच्या सामन्यात दहा खेळाडू उपलब्ध नव्हते. लुकाकूने दुसऱ्या मिनिटाला आणि तिसाव्या मिनिटाला गोल केले, दोन्ही समोरच्यांच्या चुकांवर झडप घालून. मधे बेर्नातने पॅरिससाठी एक केला. अजून एक हवा होता. बराच वेळ युनायटेड चेंडूमागे धावत राहिलं. नव्वदीच्या आसपास दालोने लांबून फटका मारला, तो किंपेंबेच्या हाताला लागून बाहेर गेला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवरची फेरतपासणी, बघून पंचांनी पेनल्टी दिली आणि रॅशफर्डने चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला ती सरळ वरच्या जाळीत ठोकली. घरच्या मैदानावर दोन गोलांनी हरून परतीच्या सामन्यात बाजी उलटवणारा हा त्या स्पर्धेच्या इतिहासातला पहिला संघ. टीव्हीच्या स्टुडिओत रिओ फर्डिनंड ओरडत होता की याला आत्ताच करारावर सही करू द्या.

फर्डिनंड जुना सहकारी, त्याचं समजू शकतं. क्लबने ते जवळजवळ शब्दशः केलं.

२८ मार्च

हा निर्णय नीट उलगडून पाहू. हंगामी काळाचा हिशेब: १९ सामने, १४ विजय, २ बरोबरी, ३ पराभव. डोळे दिपवणारा. पण क्रमाने वाचला तर शेवटी काय दिसतं? पॅरिसनंतर १० मार्चला आर्सेनलकडून लीगमध्ये ०-२. १६ मार्चला वुल्व्हजकडून एफए चषकात १-२. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी, आणि त्या सुट्टीतच, दोन लागोपाठच्या पराभवांवर, तीन वर्षांचा करार. हंगामाचे दहा सामने शिल्लक होते.

त्या दहांत काय झालं? दोन विजय, दोन बरोबरी, सहा पराभव. बार्सिलोनाकडून दोन्ही सामने गेले, एव्हर्टनकडे ०-४, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर आधीच घसरलेल्या कार्डिफकडून ०-२. पहिला बळी कार्डिफ, शेवटचा फटकाही कार्डिफचाच. सहाव्या क्रमांकावर हाती घेतलेला संघ सहाव्याच क्रमांकावर राहिला.

सोल्शारची नेमणूकच चूक होती, असं मी म्हणणार नाही. घाई चूक होती, आणि तीही बिनगरजेची. सहा आठवडे थांबल्याने क्लबचं काय जाणार होतं? त्याला पळवून न्यायला दुसरा कुणी दारात उभा नव्हता. तो तर क्लबच्या प्रेमातच होता. मे महिन्यात विचारलं असतं तरी हो म्हणाला असता. उलट ते दहा सामने म्हणजे फुकटात मिळालेली चाचणी होती. जाचक बॉस गेल्यावर कोणत्याही कचेरीत दोन महिने काम झपाट्याने होतं. ती झेप ओसरल्यावर मागे काय उरतं, ते बघायला हवं होतं. तीच वेळ आली आणि क्लबने त्याआधीच सही घेतली.

याच्या शेजारी एक जर्मन उदाहरण ठेवण्याजोगं आहे. एप्रिल २००९ मध्ये बायर्न म्युनिकने युर्गेन क्लिन्समान यांना काढलं. तेही नामांकित आघाडीवीर, प्रशिक्षक झालेले. उरलेल्या पाच सामन्यांसाठी युप हाइंकेस आले. बुंडेसलिगात २२० गोल केलेले, म्हणजे तेही आघाडीवीरच. चार जिंकले, एक बरोबरीत. बायर्नने त्यांचे आभार मानले आणि लुई फान खाल यांना नेमलं. हाइंकेस दोन वर्षांनी परत आले, रीतसर, आणि २०१३ मध्ये लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकून गेले. आघाडीवीर चांगला प्रशिक्षक होत नाही, हे म्हणणं म्हणूनच पटत नाही. क्रायफ, डॅलग्लिश, हाइंकेस यांची नावं त्यापुढे पुरेशी आहेत. हाइंकेस २००९ मध्ये बायर्नला परत आले तेव्हा त्यांच्या गाठीशी तीस वर्षांचं प्रशिक्षण होतं. सोल्शारकडे मोल्डे होतं, आणि कार्डिफचे आठ-नऊ महिने.

जागा असली तर

पुढची अडीच वर्षं वाईट नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. २०१९-२० मध्ये तिसरा क्रमांक. जानेवारीत आलेल्या ब्रुनो फर्नांदेसने संघाचा नूरच पालटला. २०२०-२१ मध्ये दुसरा क्रमांक, ७४ गुण. त्या पूर्ण हंगामात परक्या मैदानावर लीगमध्ये एकही पराभव नाही. ही मालिका पुढे २९ सामन्यांपर्यंत गेली आणि आर्सेनलचा २७ चा विक्रम मोडला. मार्च २०२१ मध्ये सलग २१ सामने जिंकत आलेल्या मँचेस्टर सिटीला त्यांच्याच घरी २-० हरवलं. पॅरिसला पॅरिसमध्ये पुन्हा हरवलं.

आता त्याच हंगामातले घरचे निकाल बघा. ओल्ड ट्रॅफर्डवर लीगमध्ये सहा पराभव. टॉटनहॅमकडून १-६. क्रिस्टल पॅलेसकडून १-३. जानेवारीत तळाला रुतलेल्या शेफील्ड युनायटेडकडून १-२.

हा विरोधाभास वाटतो, पण एकाच नाण्याच्या या दोन बाजू आहेत. परक्या मैदानावर यजमान पुढे येतात, मागे जागा सुटते आणि युनायटेडचे वेगवान आघाडीवीर ती जागा खातात. घरी आलेला दुबळा संघ दहा माणसं आपल्या गोलसमोर उभी करतो. तिथे फट आपोआप पडत नाही, पाडावी लागते. पासमागून पास, माणसं हलवत, धीर धरून. त्यासाठी सरावात बसवलेल्या ठरावीक हालचाली लागतात. सोल्शारच्या संघात त्या सापडायच्या नाहीत. तिथे ब्रुनोचा एखादा चमकदार पास किंवा पॉग्बाची लहर.

मला हे त्याच्या खेळाडूपणाशी जोडलेलं दिसतं. बदली आघाडीवीर सामन्यात येतो तेव्हा सामना उघडलेला असतो. बचावपटू थकलेले, रांगा सैल, जागा मुबलक. सोल्शारची सगळी विद्या त्या पंधरा मिनिटांची होती आणि ती अस्सल होती. सामना मुळात उघडायचा कसा, हे काम तेव्हा दुसरे करत: बेकहॅम, स्कोल्स, गिग्स, कीन. प्रशिक्षक झाल्यावरही तो फुटबॉल त्याच टोकाकडून बघत राहिला.

आणि दुसरं टोक, स्वतःच्या गोलचं? ४ नोव्हेंबर २०२०, इस्तंबूल, बाशाकशेहिरविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना. तेरावं मिनिट. युनायटेडला कॉर्नर मिळाला, सगळे पुढे गेले. चेंडू बाहेर आला, एक लांब पास, आणि पस्तिशीचा देम्बा बा मध्यरेषेजवळून निघाला तो थेट गोलरक्षकापर्यंत. त्याच्या आसपास युनायटेडचा एक माणूस नाही. माटिच मागून धापा टाकत होता. शाळेच्या संघालाही मास्तर सांगतात की कॉर्नर आपला असला तरी दोघे मागे थांबा. बाच्या त्या धावेत घाई दिसत नाही. आपल्यामागे कुणी नाही यावर त्याचा विश्वास बसत नसावा. युनायटेड १-२ हरलं, पुढे लाइपझिगकडे २-३ हरून स्पर्धेतून बाहेर पडलं आणि म्हणून युरोपा लीगमध्ये गेलं. ग्दान्स्कचा रस्ता या धावेतून सुरू होतो.

सोल्शारला बाक वापरताच येत नव्हता, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २९ नोव्हेंबर २०२० ला साउदॅम्प्टनकडे मध्यंतराला ०-२ असताना त्याने एडिन्सन कवानीला उतरवलं. कवानीने एक गोल करवला, दोन स्वतः केले, शेवटचा भरपाई वेळेत. ३-२. ज्याला बदली आघाडीवीर म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याचा हा बदल होता. पण निरखून बघा: बाकावर कवानी होता, म्हणजे गोलच्या तोंडाशी चोरपावलांनी वावरणारा, सोल्शारच्याच जातीचा खेळाडू. २०२० मध्ये आयाक्सहून मोठी किंमत मोजून आणलेला डॉनी फान दे बेक हा मधल्या फळीतला, जागा शोधणारा खेळाडू महिनोन् महिने बाकावर बसून राहिला. त्याचं काय करायचं हे सोल्शारला कधी उमगलंच नाही.

ग्दान्स्कमध्ये कवानी सुरुवातीपासून मैदानात होता. त्यानेच ५५व्या मिनिटाला बरोबरी साधली होती. बाकावर फान दे बेक होता, हुआन माता होता, जेम्स होता, फ्रेड होता. मला वाटतं सोल्शारने त्या बाकाकडे पाहिलं आणि त्याला तिथे सोल्शार दिसला नाही. पंचाहत्तर मिनिटं समोरच्यांचे खांदे-पाय वाचत बसलेला कुणी दिसला नाही. स्वतःचं कसब किती दुर्मीळ आहे हे ज्याला माहीत असतं, त्याचा इतरांवर विश्वास बसणं कठीण जातं. हा माझा कयास आहे. ताज्या दमाचा साधा, सामान्य खेळाडूसुद्धा थकलेल्या चांगल्या खेळाडूपेक्षा शेवटच्या वीस मिनिटांत उपयोगी पडतो, हे एमरींना ठाऊक होतं. एमरींनी मोठ्या क्लबचा आघाडीवीर म्हणून कधी नाव कमावलेलं नाही.

शेवटचा उन्हाळा थोडक्यात. जुलै २०२१ मध्ये सोल्शारचा करार २०२४ पर्यंत वाढवला. सांचो, वरान आणि खुद्द रोनाल्डो आले. रोनाल्डो आल्यावर मागे जागा खाणारा वेगवान संघ, जो सोल्शारला थोडाफार बांधता आला होता, तोही विस्कटला. २४ ऑक्टोबरला लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर ५-० धुतलं. २० नोव्हेंबरला वॉटफर्डकडे १-४. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. १६८ सामने, ९१ विजय, ३७ बरोबरी, ४० पराभव, करंडक शून्य.

करंडकाच्या सर्वांत जवळ तो पोचला होता त्या पोलंडमधल्या रात्रीच. जादा वेळ संपता संपता त्याने माता आणि टेलेसला उतरवलं, खास पेनल्टीसाठी. दोघांनीही आपापल्या पेनल्टी घातल्या. दोन्ही संघांचे दहाच्या दहा मैदानी खेळाडू चुकले नाहीत, १०-१०, आणि पाळी गोलरक्षकांवर आली. व्हियारेआलच्या रुलीने चेंडू जाळ्यात मारला. मग दे हेआ मारायला आला. त्या रात्री अकरांपैकी एकही पेनल्टी त्याला अडवता आली नव्हती; युनायटेडकडून त्याने शेवटची अडवली होती ती एप्रिल २०१६ मध्ये. त्याचा फटका रुलीने अडवला. युनायटेडचा दुसरा गोलरक्षक डीन हेंडरसन तेव्हा बाकावर होता.